न पाहिलेला मकर

वसईच्या शाळेंत आम्हीं ३० वर्षें संस्कृत शिकविलें. गीतेच्या विभूतियोगांत भगवंत माशांमध्यें आपण मकर असल्याचें सांगतात, तेथें आम्ही मुलांस सांगत असूं, "मकर म्हणजे मुशीसारखा कोणी नरभक्षक राक्षसच!" एकदां पाचूबंदरच्या एका कोळ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, पाण्याखालीं तो कसा वागतो, तें तुम्हीं पाहिलंत का?" आम्हीं त्यास उद्धट म्हणून खालीं बसविलें. खरें म्हणजे उत्तर आमच्याजवळ नव्हतें.

तें निवृत्तीनंतर मिळालें. नातवानें माईक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा २००० सालचा चित्रपट आम्हां सर्वांस दाखविला. त्यांत गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कची कथा आहे. हा मुशीच्याच कुळांतला, जगांतील सर्वांत मोठा मासा. ४० फुटांपर्यंत सहज वाढतो. आहार पाहावा तर सूक्ष्म जीव व लहान मासळी! अशा निरुपद्रवी प्राण्यास मांसासाठीं आणि होड्यांस चोपडावयाच्या तेलासाठीं मारीत. ती कत्तल पाहून घरांतील मंडळींनीं तोंडें फिरविलीं. सरकारासही ती पाहवली नसावी. २००१ च्या मे महिन्यांत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत व्हेल शार्कचें नांव चढलें. हें संरक्षण मिळालेला तो पहिलाच मासा.

आम्हांस धन्य वाटलें. परंतु ओसरीवर बसून धन्यता स्वस्त पडते. गेल्या मार्गशीर्षांत तोच विद्यार्थी, आतां स्वतःच्या बोटीचा नाखवा, भेटावयास आला. त्यानें मोबाइल पुढें केला. जाळ्यांत अडकलेला ठिपक्यांचा प्रचंड मासा, जाळें कापणारे हात, आणि मग गढूळ पाण्यांत दिसेनाशी होणारी ती विशाल पाठ.

"जीवदया केलीस!" आम्ही म्हणालों.

तो हंसला. "गुरुजी, दयेनं नवं जाळं येत नाही."

मग त्यानेंच समजाविलें. संरक्षित प्राणी सोडण्यासाठीं जाळें कापावें लागल्यास महाराष्ट्र सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतें. त्याकरितां सुटकेचें चित्रण पुरावा म्हणून दाखवावें लागतें. "पण जाळ्यावांचून गेलेल्या दिवसांची मासळी कोण भरून देणार?"

याही प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. या खेपेस मात्र आम्हीं त्यास खुर्ची पुढें केली, घरांतील मुलांस हांक मारली, आणि तें चित्र पुन्हां दाखवावयास सांगितलें.