पुतणीचें आकाश

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें पाठशाळेंत व्याकरण व काव्य शिकून मीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. नक्षत्रांचा नाद मात्र लहानपणापासूनचा. उन्हाळ्यांत गच्चीवर गाद्या पडल्या, कीं धाकट्या बंधूंची कन्या माझ्या उशाशीं येऊन बसे आणि मी तिला सप्तर्षि, चित्रा, स्वाती दाखवीत असें. तीच मुलगी पुढें २०२० सालीं पुण्यास राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांत डॉक्टरेटसाठीं दाखल झाली. याचा अभिमान मला आहेच. परंतु आज जें सांगावयाचें आहे, तें अभिमानाचें नाहीं.

माझी समजूत अशी, कीं ही मुलगी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. एकदां मीं विचारलें, "काल कोणता तारा पाहिलास?" ती हसून म्हणाली, "काका, चार महिन्यांत मीं एकही तारा पाहिला नाहीं. मी नुसते आकडे पाहतें. आणि आमच्या दुर्बिणीला दिवस काय, रात्र काय, सारखेंच!"

पुढें एका विज्ञानदिनीं तिनें मला नारायणगांवाजवळ खोडदला नेलें. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली तेथील दुर्बीण म्हणजे एक नळी नव्हे, तर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! त्यांतील १४ मध्यभागीं, व बाकीच्या १६ तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तबकडीही भरीव नव्हे, पोलादी तारांची जाळी. तींतून वारा निघून जातो, परंतु आकाशांतून आलेला लांब रेडिओतरंग परावर्तित होतो. आंत शिरतांना मोबाईल बंद करावयास सांगितलें, तें मला प्रथम उगीचच वाटलें. पण आकाशांतला संदेश इतका क्षीण असतो, कीं शेजारचा मोबाईल किंवा मोटारसायकलची ठिणगीही त्याला बुडवून टाकते.

हा संदेश असतो हायड्रोजन वायूचा. त्याचा अणु २१ सेंटिमीटर लांबीचा तरंग सोडतो, आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळें तो वाटेंत ताणला जातो. ८८० कोटी वर्षांपूर्वीं निघालेला असा एक तरंग याच दुर्बिणीनें टिपल्याचें जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें तो प्रबळ झाला, म्हणून सांपडला. येथें पोंचेपर्यंत तो ४८ सेंटिमीटरांचा झाला होता. पुतणीचा शोध अशाच हायड्रोजनाचा. दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून कित्येक महिने आधीं अर्ज करावयाचा. मंजूर झाला तर कांहीं तास हातीं येतात. मग त्या आकड्यांतून माणसांचा गोंगाट वेंचून काढण्यांत महिनेच्या महिने जातात. "तांदुळांपेक्षां खडे अधिक असलेलें सूप समजा," असें ती म्हणे.

२०२३ च्या दिवाळींत ती घरीं आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानें. नऊ तासांचें निरीक्षण गोंगाटामुळें फुकट गेलें होतें. तें तिनें मला एकट्यालाच सांगितलें होतें. असें असून भर पंक्तींत मीच बोलून गेलों, "अग, हें शिक्षण संपणार तरी कधीं? तुझ्या बरोबरीच्या मुली संसाराला लागल्या." ती कांहीं बोलली नाहीं. पानांतलें सर्व संपवून उठली, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें पुण्यास निघून गेली. दुसऱ्या कोणीं विचारलें असतें तर तिनें हसून नेलें असतें, हें मला तिची गाडी सुटल्यावर कळलें.

पुढच्या ऑगस्टांत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचें महाअधिवेशन केप टाऊनला भरलें. हा संघ १९१९ चा. परंतु आफ्रिका खंडांत त्याचें महाअधिवेशन भरण्याची ही पहिलीच वेळ. तेथें जाण्याची पुतणीला संधि मिळाली. व्हिसाचे कागद, बँकेचे कागद, अर्ज यांत दोन महिने गेले. तिच्या आईनें मेतकूट व भाजणी बांधून दिली. मी स्टेशनवर गेलों. पण बोलावयाचें तें राहूनच गेलें.

आठ दिवसांनीं मोबाईलवर तिचा लांबलचक संदेश आला. तिला व्याख्यान मिळालें नव्हतें. आपल्या कामाचा तक्ता मांडावयाचा, आणि जो थांबेल त्याला समजावून सांगावयाचें. पहिला तासभर कोणी थांबेना. मग एक वृद्ध विदुषी थांबल्या. अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारून त्यांनीं तिच्या हिशेबांतली एक चूक दाखविली. मला ही फजीतीच वाटली. परंतु तिनें लिहिलें होतें, "काका, माझ्या मार्गदर्शकांखेरीज कोणीं माझें काम इतकें मन लावून पाहिल्याचा हा पहिलाच प्रसंग."

शेवटीं चार ओळी आणखी होत्या. एका पहाटे ढग निघाले, तेव्हां अगस्त्य इतका वर चढला होता, कीं तिला प्रथम ओळखूंच आला नाहीं. आपल्याकडे तो दक्षिण क्षितिजापासून फारसा वर येत नाहीं ना! "काल संध्याकाळीं त्रिशंकु पाहिला. येथें तो मावळतच नाहीं, काका. तुम्हांला दाखवावासा वाटला."

दिवाळीच्या पंक्तीचा उल्लेख संदेशांत कोठेंही नव्हता. मी चष्मा पुसून तो पुन्हां पुन्हां वाचीत बसलों. मनांत होतें तें अक्षरांत उतरेना. शेवटीं "चूक दुरुस्त केलीस का?" एवढेंच लिहून पाठविलें. लगेच उत्तर आलें, "त्याच रात्रीं!"

२०२५ च्या गणपतीस ती चार दिवस आली होती. प्रबंधाचें लेखन सुरू झालें होतें. जेवतांना मोठ्या वहिनींनीं "मग काय ग, आतां कधीं..." अशी सुरुवात करतांच मीं घाईघाईनें वरण मागितलें. माझ्या पानांत वरण होतेंच. वहिनी पळी हातांत धरून माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि पुतणी मान खालीं घालून भात कालवूं लागली.