अंगठ्याचा साक्षीदार

आजीचा अंगठा आठवतो तो निळा. जव्हारला सोसायटीच्या कागदावर ती अंगठा उठवायची आणि शाई लुगड्याच्या पदराला पुसायची. कारकून शेजारी ‘निशाणी अंगठा’ लिहायचा; खाली गावातलंच कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करायचं. मला लाज वाटायची. घरातली अंगठाबहाद्दर पिढी संपली, अशा गुर्मीत मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन राखोलीला आलो.

दमणगंगेकाठचं हे गाव. करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले, त्यांत पॉलिएस्टर सुताचे पुष्कळ. सरळ, गुळगुळीत धागा तापवायचा, ताणायचा, पीळ देऊन फुगवायचा, की झालं टेक्स्चराइज्ड यार्न. ९,००० मीटर सूत १५० ग्रॅम भरलं, तर ते १५० डेनियरचं. धागा तुटला की ओवायचा, बोबिन भरली की उतरवायची, म्हणजे डॉफिंग. बोबिनच्या कडेवरून अंगठा फिरवला की तुटलेली तार डोळ्याआधी त्याला कळते. हे काही आयटीआयत शिकवलं नव्हतं.

मग गेटवर हजेरीचं यंत्र बसलं. सुतानं आणि त्याला लावायच्या कोनिंग ऑइलनं माझ्या अंगठ्याच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. यंत्र म्हणालं, ‘प्लीज ट्राय अगेन.’ पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. मागे पाळीची रांग खोळंबली. बारा तास मशीनवर उभा होतो, तरी त्या महिन्यात अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. ज्या कामानं रेषा पुसल्या, त्याच कामाचा पुरावा रेषांकडे मागत होते!

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो पुढे त्यानं शब्द फिरवू नये म्हणून. म्हणजे ठशाच्या मुळाशी अविश्वासच. आजीचा ठसाही काही नीट उठत नसे. भाताच्या लावणीनं तिचे हात कधीच झिजले होते. पण तिला ओळखणारा माणूस कागदापाशी उभा असे.

आता यंत्र माझ्यावर रुसलं की टाइम ऑफिसचे काका चष्मा कपाळावर सरकवतात. “राहू दे रे, आलायस ना तू,” म्हणत रजिस्टर ओढतात, माझ्या नावापुढे ‘हजर’ लिहितात आणि खाली सही करतात.

आजीच्या कागदावर साक्षीदाराची सही अगदी तिथंच असायची.