ड्यूची डायरी

डिसेंबर लागला की चाळीसगावातल्या घराघरांत एलआयसीच्या डायऱ्या पोहोचतात आणि दुधाच्या हिशेबाला लागतात. माझ्या माहेरीही असंच. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांचा हप्ता पगारातूनच कापला जायचा. डायरी आईच्या वाट्याला यायची. तिच्यात दूधवाल्याचे खाडे, लग्नातला अहेर, पाहुण्यांचे पत्ते, सगळं असायचं. विमा कितीचा, कोणत्या साली संपतो, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे मात्र आईला कधीच माहीत नव्हतं. पॉलिसी कपाटात आणि कपाटाची किल्ली वडिलांच्या जानव्याला.

ती डायरी खऱ्या कामाला लागलेली मी पाहिली ती लग्नानंतर, शेजारच्या काकूंकडे. काकू विमा एजंट होत्या. त्या काळी बाईच्या नावावर एजन्सी असली की लोक काय ते समजून घ्यायचे: नवरा सरकारी नोकरीत, त्याला एजन्सी घेता येत नाही, म्हणून सही बायकोची आणि हिंडणं त्याचं. अशा पुष्कळ एजन्सी होत्या. काकू मात्र स्वतः एसटीने हिंडायच्या, आणि नव्या डायरीच्या पानांवर छापलेल्या तारखांकडे दुर्लक्ष करून गावं लिहायच्या. मेहुणबारे, बहाळ, वाघळी, हिरापूर, पिलखोड. गावाखाली घरं, घराखाली पॉलिसी नंबर आणि हप्त्याचा महिना, त्यापुढे बारीक अक्षरात नोंदी: मोठीचं लग्न वैशाखात. विहिरीला पाणी लागलं नाही. सासूशी बोलावं.

त्यांनी मला हाताशी धरलं तेव्हा मी फक्त त्यांची पिशवी सांभाळत होते. पहिली शिकवण हप्त्याच्या महिन्याची. वर्षअखेरीला शाखेत टार्गेटची घाई असते, म्हणून नवा एजंट मार्चमध्ये पॉलिसी करतो. मग वार्षिक हप्ता दर मार्चला पडतो, आणि कोरडवाहू कपाशीवाल्याच्या हातात तेव्हा पैसा उरलेला नसतो. त्याच्याकडे पैसा येतो दिवाळीनंतर, कापूस मोडला की. एक महिन्याची सवलत असते, तीही उलटते आणि पॉलिसी लॅप्स होते. काकू आधी विचारायच्या, घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि तो कुणाच्या हातात येतो. ते कळल्याशिवाय त्या फॉर्म बाहेरच काढत नसत.

दुसरी शिकवण कमिशनची. तेव्हा लांब मुदतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५ टक्के मिळायचे. नव्या एजंटचं लक्ष २५ वर जातं. काकूंनी मला ५ चा हिशेब मांडायला लावला, वर्षामागून वर्ष, गावामागून गाव. १९३८च्या विमा कायद्याने तेव्हा हे नूतनीकरणाचं कमिशन राखून ठेवलं होतं. अटी पूर्ण झालेल्या असल्या तर एजंटच्या मागे ते तिच्या वारसांनाही मिळतं. सातबाऱ्यावर नाव नाही, घरपट्टीवर नाव नाही, अशा बाईच्या नावावर दर महिन्याला येणारी आणि मागे ठेवून जाता येणारी रक्कम उभी राहते, ही गोष्ट मला त्या हिशेबाच्या पानावर पहिल्यांदा समजली. आजही मला ती फार मोठी वाटते.

पहिला हप्ता एजंटने स्वतःच्या खिशातून भरायचा, ही सवय तेव्हाही सर्रास होती. त्याच कायद्याच्या ४१व्या कलमाने अशी सूट द्यायला मनाई आहे. काकूंना कलमापेक्षा नफ्यातोट्याची जास्त चीड होती. सूट देऊन आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी पाठ फिरवतं आणि ५ टक्क्यांचं झाड लावण्याआधीच वाळतं, असं त्या म्हणायच्या.

घरात शिरल्यावर पुरुषाशी बोलणं झालं की काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या. बायका हसायच्या. ‘‘मी काय कमावस? मना विमा कसाले?’’ आणि नियमही काहीसा त्यांच्याच बाजूने बोलायचा. महामंडळ स्त्रियांची वर्गवारी करायचं. स्वतःचं उत्पन्न नसलेली गृहिणी तिसऱ्या वर्गात, आणि तिचा विमा किती उतरवायचा हे नवऱ्याच्या विम्यावरून ठरायचं. काकूंना तो नियम बदलणं शक्य नव्हतं. पण नवऱ्याच्या पॉलिसीचा नंबर त्या बायकोकडून पाठ करून घ्यायच्या आणि बॉन्ड कोणत्या ट्रंकेत ठेवलाय ते तिलाच दाखवायला सांगायच्या. जिथे सावकाराचं देणं असेल तिथे त्या १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या कायद्याखाली पॉलिसी करायला लावत. त्याखाली घेतलेल्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांसाठी वेगळे राहतात, धनकोला सहसा त्यांना हात लावता येत नाही. खान्देशात कर्ज नाही असं घर शोधावं लागतं. तरीही या सोयीबद्दल एजंट आजही बोलत नाहीत, याचा मला राग येतो.

क्लेमच्या घरी मात्र त्यांनी मला बरंच उशिरा नेलं. गिरणेकाठच्या एका गावात तरुण माणूस सर्पदंशाने गेला होता. अंगणात भाऊबंद बसलेले, विम्याचे पैसे कुणाच्या खात्यात जावेत याची चर्चा सुरू. काकू त्यांना नमस्कार करून सरळ आत गेल्या. कोपऱ्यात बसलेल्या मुलीशेजारी बसल्या आणि ३७८३ नंबरचा क्लेम फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला. नॉमिनी ती होती. एकेक रकाना वाचून दाखवत त्यांनी तिच्याकडून सही घेतली. बाहेर येऊन भाऊबंदांना एवढंच म्हणाल्या, ‘‘पोरीच्या नावाचं खातं उघडायला उद्या कोण येतंय तिच्यासोबत?’’ विमा विकण्याची मला लाज वाटायची, ती त्या दिवशी संपली.

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या, परवान्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आली. शाखेत संगणक आले आणि ड्यू लिस्ट, म्हणजे भरायच्या हप्त्यांची यादी, छापून मिळू लागली. तोवर काकू थकल्या होत्या. त्यांनी आपली गावं मला दिली. म्हणजे प्रत्येक गावात दोन-तीन घरी स्वतः नेऊन ‘‘आता ही येईल’’ असं सांगितलं. माझी वाढ त्या घरांत झाली. २०१३ मध्ये उषा सांगवान एलआयसीच्या पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या १९८१ मध्ये अधिकारी म्हणून भरती होऊन तिथवर पोहोचल्या होत्या. आमची वाट वेगळी. एजंटला बढती नसते. क्लब असतात, शाखा व्यवस्थापक क्लब, चेअरमन्स क्लब असे, आणि अनुभवी एजंटला आपल्या हाताखाली नवे एजंट घडवायची योजनाही आहे. पण हाताखाली घेणं म्हणजे आपली घरं दाखवणं, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिता येत नाही.

३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तिकडे कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या. नदीकाठच्या घरांत पेट्या, ट्रंका चिखलाने भरल्या. बॉन्डचा लगदा झाला. चारच दिवसांत बायका माझ्या दारात येऊ लागल्या. नंबर असला की दुसरी प्रत काढता येते, आणि नंबर माझ्या डायरीत होते. पण त्यातल्या काही जणींनी डायरी उघडूच दिली नाही. नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितले. त्या घरांत काकू गेल्या होत्या.

९ डिसेंबर २०२४ला पानिपतला एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी झालेल्या, १८ ते ७० वयाच्या बायकांना तीन वर्षं विद्यावेतन: पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ५. कमिशन वेगळं. पहिल्या वर्षात किमान २४ जणांचा विमा करायचा. या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती दुसऱ्या वर्षाची अट: आदल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असल्या तरच विद्यावेतन. म्हणजे दिल्ली-मुंबईतल्या कुणीतरी काकूंचा हिशेब मान्य केलाय. अडचण एवढीच की २४चा आकडा गाठायला सखी आधी बहीण, जाऊ, मावशी यांचे फॉर्म भरते, तेही मार्चमध्ये, आणि ६५ टक्के कसे टिकवायचे ते तिला दाखवणारं शेजारी कुणी नसतं.

माझ्याकडे बचत गटातली अशी एक सखी येते. मोबाइलवर ड्यू लिस्ट माझ्याआधी काढते, फॉर्म भरताना सासऱ्यांचा रक्तदाब लपवायचा नाही हे तिला पटवावं लागलं नाही. घरी जाऊन हप्ता मागायचा मात्र तिला संकोच वाटतो. या हंगामात कापूस मोडल्याच्या बातम्या आल्या तशी मी पिलखोडची तारीख ठरवली. तिचा नवरा मोटारसायकलवर सोडायला तयार होता. मी म्हटलं, आम्ही एसटीने जाऊ. तिच्या सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं, ‘‘कव्हय येशात?’’

‘‘पाच घरं आहेत,’’ सून म्हणाली, ‘‘आणि बोलणार मी आहे. तुम्ही जेवून घ्या.’’