एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, जुम्याचा दिवस. भाईजान सकाळच्या कर्जत लोकलने मुंबईला गेला. दुपारचे हैदराबादचे विमान होते. दोनच्या सुमारास त्याचा फोन आला, "अगं, बोर्डिंग पास हाताने लिहून देतायत. सगळे कॉम्प्युटर बंद!" तो कागद अम्मीने अजून कपाटात जपून ठेवला आहे. हाताने लिहिलेले तेवढेच खरे, असे तिचे मत.

घडले होते ते असे. क्राउडस्ट्राइक कंपनीचे 'फाल्कन' हे पहारेकरी सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसते. चोर तिथवर पोहोचू शकतो, म्हणून पहाराही तिथेच. त्या सकाळी त्याला नवी माहिती धाडली गेली. तपासणीच्या नमुन्यात रकाने २१ धरलेले, प्रोग्रामने भरून दिलेले मात्र २०च. एकविसावा वाचायला तो गेला आणि भलत्याच मेमरीत शिरला. गाभ्यात अशी चूक झाली की विंडोज पुढे जातच नाही. माहिती नासण्यापेक्षा थांबलेले बरे, असा तिथला कायदा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. चुकीची माहिती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण अडकलेली यंत्रे बहुतेक ठिकाणी एकेक करून माणसांनीच उठवली. आणि चोर तर कुणी आलाच नव्हता!

हाच वाद २०१७ साली लिनक्सवाल्यांत पेटला होता. कीस कुक यांनी कर्नेल आणि इतर प्रोग्राम यांच्यातल्या देवाणघेवाणीवर कडक तपासणी आणली. ठरलेल्या जागेबाहेर हात गेला, की तो प्रोग्राम तिथेच मारायचा. लिनस टोरवाल्ड्स भडकले. सुरक्षेच्या बहुतेक अडचणी म्हणजे शेवटी साध्या चुकाच. आधी इशारा द्या, चूक शोधा, पण लोकांचे चालते काम पहिल्याच दिवशी मारू नका, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी ती तपासणी आली, ती इशाऱ्याची सवलत घेऊनच. काही वर्षांनी सवलत काढली.

हे वाचताना मला आमच्या शाळेतली एक सहामाही आठवली. बी.एड. नुकतेच झाले होते, कडकपणाची हौस होती. आठवीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीत घडी केलेला कागद दिसला. मी पेपर ओढून घेतला, तिला बाहेर उभे केले. कागद निघाला दवाखान्याचा. घरी जाताना अब्बांची औषधे न्यायची होती. पेपर परत दिला तेव्हा वीस मिनिटे गेली होती. ती "जी आपा" एवढेच म्हणाली.

टोरवाल्ड्स यांचे सगळेच मला पटत नाही. इशारा देईपर्यंत कॉपीवाला कागद गिळूनही टाकतो! आमच्या बोरघाटात रेल्वेने यावर जुनी तोड काढली आहे. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी मधल्या ठाण्यावर मुद्दाम थांबवतात. ब्रेक सुटलेली गाडी चढावरच्या वेगळ्या रुळावर जाते. थांबलेल्या गाडीला मात्र पुढची वाट मिळते.

आता पर्यवेक्षणाला असले, की मी आधी बाकाजवळ जाऊन उभी राहते. हळूच विचारते, "बेटा, हे काय आहे?" त्या मुलीला वीस मिनिटे वाढवून द्यायला हवी होती. तेव्हा सुचलेच नाही. घंटा वेळेवर झाली आणि मी तिचाही पेपर गोळा केला.