दुपारचं छप्पर

मे महिन्यात, ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असताना, यवतमाळच्या बस स्थानकावर भर दुपारी एखादी बाई गाढ झोपलेली दिसते. गाठोडं उशाला, चपला गाठोड्याखाली, तोंडावर पदर. जाणारे-येणारे म्हणतात, पडली आहे रिकामी. रात्रभर ती जागी होती हे त्यांना कोण सांगणार? रस्त्यावरच्या बाईला रात्री डोळा लावून चालत नाही. म्हणून ती दिवसा झोपते, तेही वर्दळीत. वर्दळ हाच तिचा पहारा.

आपण मात्र बेघरांची काळजी रात्रीपुरतीच करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांमध्ये दर लाख वस्तीमागे एक निवारा मागितला, तो बाराही महिने, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहर एक लाखाच्या थोडं वर होतं. म्हणजे हिशेबाने एक तरी हवाच, आणि दिवसाही उघडा.

बाईचे खरे हाल दिवसाच. अंघोळीला आडोसा नाही, पाळीचा कपडा वाळवायला दोरी नाही. केसांचं तर विचारूच नका. महिनोन्‌महिने तेल-पाणी नसलं की त्यांचा गोळा होतो; काड्या, धूळ, उवा सगळं त्यात. लोक त्याला देवीची जट समजून हात जोडतात. कात्री कोणी आणत नाही. आणली, तर आधी बाई आक्रसते, मांडीवरचं गाठोडं घट्ट धरते. बटा सुटू लागल्या की मान हळूहळू सैल पडते. ‘कोन्या गावची वं माय?’ याचं उत्तर त्या दिवशी मिळत नाही. मिळालं तर तेलुगूतही मिळू शकतं. नागपूर-हैदराबाद महामार्ग याच जिल्ह्यातल्या पांढरकवड्यावरून जातो.

यवतमाळात नंददीप फाउंडेशन रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना आसरा देतं, उपचार करतं, पत्ता लागला की घरी पोचवतं. मोठं काम आहे. पण ‘घरी’ म्हणताना मी जरा अडखळतो. २०१९ च्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन याच शहरात वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याची विधवा म्हणून. टाळ्या भरपूर पडल्या. त्याच जिल्ह्यात धनी गेल्यावर कितीतरी जणींची खाट आधी ओसरीवर येते, मग गोठ्याजवळ. सातबाऱ्यावर नाव चढत नाही, माहेरी भावजय बोलते. अशा बाईला कुठे पोचवायचं? संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात राहता येतं, पण ते चार-पाच दिवसांपुरतं.

स्थानकाजवळ एक खोली पुरे. नळ, दोरी, फणी, आतून लागणारी कडी. देखरेखीला बाईच हवी. आणि दारात आधार कार्ड मागू नये. नाव काय, दोन दिवसांनी विचारलं तरी चालतं.