घाटाखालची आणि घाटावरची मंडळी : बुलढाणा जिल्ह्यातून घरी धाडलेली पत्रे

मलकापूर

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ मागे पडले, की काळीभोर, सपाट, कपाशीची जमीन सुरू होते आणि बुलढाणा जिल्ह्यातले पहिले मोठे स्थानक म्हणून मलकापूर येते. या जिल्ह्याचे दोन भाग भूगोलानेच पाडून ठेवले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला खालचा, उष्ण आणि सुपीक भाग तो पायनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच भाग तो बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे खाली, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार ही वर. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८६ हजार भरली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकापेक्षाही किंचित कमी होते, आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर अशा भागांत एकवटलेले असल्याने बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या वाट्याला अगदीच थोडे येतात.

अहिल्यानगरात वाढलेल्या माणसाला या विरळपणाची कल्पना सहजासहजी येत नाही. तिथे एका उपासनामंदिरात मन रमले नाही तर दुसरे हाकेच्या अंतरावर असते, आणि एखाद्या रविवारी दांडी मारली तर ती पाळकांच्याही लक्षात येईलच असे नाही. इथे तसे नाही. दहापंधरा घरांच्या मंडळीत (मंडळी म्हणजे एका ठिकाणी नियमाने उपासनेला जमणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय, इमारतीला चर्च म्हणतात, माणसांना मंडळी) एक घर आले नाही, तर प्रार्थना संपायच्या आत ते सर्वांना ठाऊक झालेले असते आणि दुपारपर्यंत कोणीतरी त्या घरी चौकशीला पोहोचलेले असते. ही चौकशी कधी मायेची असते, कधी चोंबडेपणाची; पण एकांतात जपायची म्हणून जी देवाची जवळीक सांगितली जाते, ती या जिल्ह्यात चारचौघांच्या देखत जगावी लागते, एवढे मलकापुरातच ध्यानात येते.

खामगाव

जलंब स्थानकापासून खामगावला जाणारा छोटा फाटा कापसासाठी टाकलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, खामगावची बाजारपेठ देशात गाजली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते हा फाटा सुरू झाला. अमेरिकेतल्या युद्धाने ज्या मुलखाचा कापूस बाहेर नेला, त्याच मुलखात पुढे वीसेक वर्षांतच अमेरिकेतील मिशनरी आगगाडीने येऊन उतरू लागले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक फेरा म्हणावा लागेल.

हे मिशनरी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे होते, आणि बुलढाणा जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची घडण समजून घ्यायची तर या संस्थेची शिकवण आधी पाहावी लागते. मूळचा कॅनडाचा आणि न्यूयॉर्कमध्ये आधी प्रेसबिटेरियन पाळक असलेला अल्बर्ट सिम्पसन (१८४३–१९१९) याने १८८७ मध्ये दोन संघटना उभ्या केल्या. एक विश्वासणाऱ्यांच्या आत्मिक वाढीसाठी आणि दुसरी परदेशी सुवार्ताकार्यासाठी. १८९७ मध्ये त्या एक झाल्या. सिम्पसनच्या शिकवणीला चतुर्विध सुवार्ता म्हणतात, कारण ती ख्रिस्ताकडे चार नात्यांनी पाहते : तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. संस्थेच्या चिन्हातही या चार गोष्टी क्रूस, गंगाळ, तेलाचे पात्र आणि मुकुट या रूपाने दिसतात. यांपैकी दुसरी, म्हणजे पवित्रीकरणाची कल्पना, या शिकवणीचा गाभा आहे. पापांची क्षमा मिळाली म्हणजे ख्रिस्ती जीवन पुरे झाले असे नव्हे, तर ती केवळ सुरुवात होय. त्यानंतर ख्रिस्ताने माणसाच्या आत राहावे आणि त्याचा राग, लोभ, भीती, बोलणेचालणे हे सगळे दिवसेंदिवस आतून पालटावे, यालाच अलायन्सचे लोक सखोल जीवन म्हणतात. मूळ अमेरिकी रूपात ही शिकवण बरीच व्यक्तिगत आहे. खोलीचे दार लावून गुडघे टेकणाऱ्या एकट्या माणसाला ती उद्देशून आहे.

वऱ्हाडात मात्र तिचे वळण बदलले, आणि ते दुष्काळाने बदलले. १८९६–९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९–१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ आला, आणि आईबाप गमावलेली किंवा आईबापांनीच नाइलाजाने सोडलेली मुले रस्तोरस्ती दिसू लागली. अलायन्सचे वऱ्हाडातले मुख्य ठाणे अकोला होते, आणि तिथे काम करणाऱ्या मार्कस फुलर यांच्या पत्नी जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर लिहिलेले पुस्तक १९०० मध्येच प्रसिद्ध झाले. अकोल्याला मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथगृह चालवले गेले. याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळग्रस्त मुलींना गोळा करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नेत होत्या, आणि १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेचे जे विलक्षण पुनरुज्जीवन झाले (पुनरुज्जीवन म्हणजे मंडळीतील थंडावलेला विश्वास एकाएकी पेटून उठणे, पापांची उघड कबुली आणि तासन् तास चालणारी प्रार्थना), त्याचे पडसाद इतर अनाथगृहांतही उमटले.

या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या मुलीला घर नाही, कुळ नाही, आडनाव सांगायला मामा-काका नाहीत, तिला देवाशी एकांतात नाते जोडण्याचा उपदेश करणे म्हणजे आधीच एकट्या असलेल्या जिवाला आणखी एकटे करणे होय. तिच्यापुरते देवाचे बापपण ताटात पडलेल्या भाकरीतून, रात्री शेजारी झोपणाऱ्या दुसऱ्या मुलीतून आणि आजारात उशाशी बसणाऱ्या बाईतून आधी कळले, आणि शास्त्रपाठातून नंतर. मिशनच्या अनाथगृहांत वाढलेल्या मुलामुलींची लग्ने आपसांत लावण्याची त्या काळी सर्वत्र रीत होती. त्यामुळे मंडळी हीच माहेर आणि मंडळी हेच सासर अशी पहिली पिढी तयार झाली. वऱ्हाडातल्या अलायन्स मंडळ्या ज्यांच्यातून घडल्या त्यांत या मुलांचा वाटा मोठा आहे, आणि सखोल जीवनाची शिकवण इथे सामुदायिक झाली ती यामुळे, असे मानायला जागा आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. माहेर आणि सासर एकाच आवारात असले, की आवाराबाहेरचे गाव परके होते. मिशनच्या कंपाउंडात राहायचे, मिशनच्या शाळेत शिकायचे, मिशनच्याच नोकरीत लागायचे, या चाकोरीने संरक्षण दिले खरे, पण शेजारच्या कापूस पिकवणाऱ्या गावाशी उठबस तुटली. मंडळी दोन पिढ्या परदेशी पैशावर चालली, की देणगी देण्याची सवय लागायला आणखी दोन पिढ्या जातात. आज दशमांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्यावर, इथले पाळक इतके वारंवार का बोलतात, त्याचे कारण या इतिहासात आहे.

बुलढाणा

मोताळ्याहून राजूर घाट चढला की हवा पालटते. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे वर ठेवले ते या गारव्यासाठीच, हे वेगळे सांगायला नको. या पत्रात मात्र घाटाचे वर्णन करण्यापेक्षा रविवारच्या उपासनेचे केलेले बरे, कारण घरून गेल्या खेपेस विचारणा तीच झाली होती.

या भागातील लहान मराठी मंडळीची उपासना साधी असते. चपला दाराशी काढलेल्या असतात, पुरुष एका बाजूस आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात, पेटी आणि ढोलकी किंवा तबला असतो, आणि हातात असते ते उपासना संगीत, म्हणजे मराठी मंडळ्यांत सर्वत्र चालणारे गीतांचे पुस्तक. त्याच्या पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले असतात, तरी म्हाताऱ्या बायका ते उघडतही नाहीत, कारण गीते त्यांना पाठ असतात. त्यात इंग्रजी चालींची गीते आहेत तशीच भजने आणि अभंगही आहेत, आणि भजन लागले की मंडळीचा आवाज चढतो, हे कोणत्याही परक्याच्या लक्षात यावे इतके उघड आहे. संत गजानन महाराजांचे शेगाव ज्या जिल्ह्यात आहे, टाळमृदंग जिथे हवेतच आहे, तिथल्या कानाला देवाची जवळीक भजनातूनच ओळखीची वाटणार.

गीतांनंतर साक्ष होते. साक्ष म्हणजे विश्वासणाऱ्याने आठवड्याभरात देवाने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सांगणे. प्रवचनाची भाषा ग्रांथिक असली तरी साक्ष बहुधा वऱ्हाडीत होते, आणि तिचे विषयही तुरीवर पडलेली अळी, मुलाची नोकरी, सासूचे दुखणे, सुटलेली दारू असे असतात. विद्वान पाहुण्याला त्यात तत्त्वज्ञान कमी वाटेल. परंतु एकाची अडचण सर्वांच्या कानावर जाण्याची ही जागा आहे, आणि शनिवारपर्यंत त्या अडचणीवर काही ना काही इलाज निघालेला असतो, तोही बऱ्याचदा इथे ऐकणाऱ्यांकडूनच.

आठवड्याच्या मध्ये घरसभा भरते. एकेका कुटुंबाच्या ओसरीवर आळीपाळीने जमून शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायची आणि चहा घेऊन उठायचे, एवढेच तिचे स्वरूप. आजाऱ्यासाठी केली जाणारी प्रार्थनाही अशीच सामुदायिक असते. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे (वडील म्हणजे पाळकांच्या सोबतीने मंडळीचा कारभार पाहणारे निवडलेले सभासद) आणि त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, ही रीत अलायन्स परंपरेत जपली जाते. सिम्पसनच्या चिन्हातले तेलाचे पात्र ते हेच. एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, की ही प्रार्थना दवाखान्याच्या जागी नाही. जिथे तशी समजूत करून दिली जाते तिथे माणसे हकनाक दगावतात, आणि असा उपदेश करणाऱ्यांना मंडळीनेच आवरले पाहिजे.

बाप्तिस्मा अलायन्स परंपरेत कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर आणि पाण्यात बुडवून दिला जातो. कॅथलिक परंपरेत तो तान्ह्या बाळालाही देतात, कारण तिथे मूल आईबापांच्या आणि मंडळीच्या विश्वासात सामील होते असे मानतात. बुलढाणा जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील प्रदेश, इथले पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ होते). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, लोकभाषेत होऊ लागली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांचे लहान ख्रिस्ती समूह बांधण्यावर भर आला. म्हणजे एका बाजूने प्रॉटेस्टंट घरसभा आणि दुसऱ्या बाजूने कॅथलिक समूह अशा दोन वाटांनी गोष्ट एकाच ओसरीवर येऊन ठेपली; दोन्हीकडची माणसे नाताळखेरीज एकमेकांच्या ओसरीवर फारशी जात नाहीत, ही मात्र खंत आहे. दुरावा मंडळ्यांच्या आतही असतो : वडिलांच्या निवडणुका आणि मिळकतीचे वाद यांनी महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्या पोखरल्या आहेत. जिथे माणसे मूठभर तिथे एका भांडणाने अर्धे चर्च रिकामे होते, आणि रुसलेले कुटुंब दुसरीकडे जायचे म्हटले तरी दुसरीकडे काही नसते. म्हणून प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्यापूर्वी, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी समेट करण्याची जी ताकीद दिली जाते, तिला इथे मोठ्या शहरापेक्षा कितीतरी अधिक वजन आहे.

देऊळगाव राजा

हे शेवटचे पत्र जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरून. इथून जालना जवळ, आणि जालन्याजवळच बेथेल हे ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेले गाव. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६० नंतरच्या दशकात जालन्यात काम सुरू केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून हे गाव उभारले. शेती आणि हातचे हुन्नर यांवर गाव चालावे, मिशनच्या पगारावर नव्हे, अशी त्यांची धारणा होती. खामगावच्या पत्रात कंपाउंडाविषयी जे लिहिले, त्याच्याशेजारी हा प्रयोग ठेवून पाहावा; एका मराठी माणसाने तो अनाथगृहांच्याही आधी करून दाखवला होता.

दुसरा प्रयोग घरच्यांना अधिक परिचयाचा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षे काम केले, आणि १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास देवाचा दरबार स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या कुटुंबवजा संघात एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. त्याच वर्षी सिम्पसनही निवर्तला, त्याची संस्था मात्र टिकली. टिकण्यासाठी संस्था लागते आणि मुळे धरण्यासाठी भजन लागते. बुलढाण्याच्या मंडळ्यांकडे आज या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांना उणीव आहे ती स्वतःच्या इतिहासाची. अनाथगृहात वाढलेल्या मुलींची नातवंडे-पतवंडे आज पुण्यामुंबईकडे पांगली आहेत, आणि ज्या आठवणी त्या आज्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सांगितल्या, त्या बहुतेक घरांत कुठेच लिहिलेल्या नाहीत. आपल्या मंडळीत खामगाव-अकोल्याकडून आलेली जी कुटुंबे असतील, त्यांच्यातल्या थोरांकडे घरच्यांनी या महिन्यातच वही घेऊन जावे, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.