दोन मिनिटांचं अंतर

दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिक या माउंटन बाइक शर्यतीत जोडीनेच नाव द्यावं लागतं. जोडीनेच निघायचं, आणि वाटेत जिथे जिथे वेळ नोंदवतात तिथे दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पडलं तर दंडाची वेळ माथी बसते. टप्पा संपतो तिथे जोडीची म्हणून जी वेळ लिहितात ती मागून येणाऱ्याची. पुढचा कितीही लवकर पोचला तरी हिशेबात त्याचा काडीचा उपयोग नाही.

या शर्यतीचं सगळं मोठेपण मला या नियमात दिसतं. आकडे अर्थात छाती दडपवणारे आहेत. मुक्काम वेस्टर्न केप प्रांतात, महिना बहुतेक वर्षी मार्चचा, आधी एक छोटा प्रोलॉग आणि मग सात टप्पे, असे सलग आठ दिवस. अंतर ६०० ते ७०० किलोमीटर आणि चढ १५,००० मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपासून निघून नऊ वेळा कळसूबाई गाठावी इतका. केव्हिन व्हर्माक यांनी कोस्टा रिकातली ला रुता शर्यत केली, तिच्यावरून त्यांना हे सुचलं आणि २००४ साली त्यांनी ही शर्यत स्वतःच्या देशात सुरू केली. चढ, वाळू, ऊन हे सगळं आणखीही शर्यतींत मिळतं. पण तिथे थकलेल्या माणसाला निदान आपल्या थकव्यासोबत एकटं राहायची मुभा असते. इथे आपलं हळू होणं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं, आणि तो माणूस डोळ्यांसमोरच असतो.

मी गेलो ते भाच्याबरोबर. वयाने माझ्या जवळजवळ निम्मा, चढावर माझ्याहून कितीतरी दमदार. तयारी आम्ही वेल्हे, पानशेत, ताम्हिणीच्या बाजूच्या मुरमाड रस्त्यांवर केली होती आणि तिथेच कळलं होतं की मागचा मी असणार. कळणं वेगळं आणि दिवसचे दिवस तसं राहणं वेगळं. आपल्याकडे मामाने भाच्याला द्यायचं असतं. पहिली गिअरची सायकल त्याला मीच घेऊन दिली होती. आता त्याच्याकडून घ्यायचं होतं: वारा अडवलेली जागा, पाणी, वेळ.

सपाटीवर हे घेणं सोपं जातं. द्राक्षमळ्यांच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने चालवताना ताकदीचा मोठा भाग हवा कापण्यातच जातो. पुढच्याच्या मागे वीतभर अंतरावर चाक धरलं की त्यातला बराचसा भार हलका होतो. "मामा, चाक सोडू नको," एवढं तो म्हणायचा आणि मी त्याच्या मागच्या टायरवर नजर रोवायचो. त्यात कमीपणा वाटत नाही, कारण जगज्जेतेही तेच करतात. पण चढ लागला आणि वेग सात-आठवर आला की हवेचा प्रश्नच उरत नाही. तिथे उरतं आपलं वजन, सायकलचं वजन आणि पायांतलं बळ. कुणाच्या मागे राहून तिथे काही वाचत नाही. दोन मिनिटांचं अंतर तिथेच तयार होतं.

सुरुवातीच्या टप्प्यांत तो पुढे जाऊन माथ्यावर थांबायचा. मी पोचलो की लगेच निघायचा. त्यात त्याची विश्रांती व्हायची, माझी नाही. जोडीने सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना यातून जावं लागतं, आणि वाईट याचं वाटतं की थांबणाऱ्याच्या मनात खरोखर काळजीच असते. मग त्याने थांबणं सोडलं आणि माझ्या बाजूने चालवायला लागला. त्यातही एक खोच आहे. बाजूच्याचं चाक आपल्याहून अर्धं पुढे राहिलं की आपण नकळत जोर लावतो. मग त्याला वाटतं आपण वेग वाढवलाय, तोही वाढवतो, आणि दहा मिनिटांत मागच्याचा श्वास संपतो. तेव्हा हँडल हँडलला समांतर ठेवायचं, पुढच्याने एक गिअर हलका लावायचा आणि बोलत राहायचं. मला दोन शब्द सलग बोलता येईनासे झाले की त्याला माझ्या दमाचा अंदाज यायचा. "ठीक आहेस ना?" तो विचारायचा. मी "चल, चल" म्हणायचो. दुसरं काही तोंडातून निघतच नसे.

आमच्या गावी आजोबांच्या जोडीतला एक बैल दुबळा होता. नांगर धरताना ते जुवाची मधली दोरी बळकट बैलाच्या बाजूला थोडी सरकवायचे. त्या बाजूची भुजा आखूड झाली की ओढ त्याच्याकडे जास्त जाते, दुबळ्याकडे कमी, आणि तास सरळ पडतं. भाच्याने तेच केलं. माझ्या पाठीवरचं अर्धं पाणी, पंप, जादा ट्यूब, चेन तोडायचं हत्यार, सगळं त्याच्या बॅगेत गेलं. दोनेक किलोंचा फरक. पण तो मला पहिल्याच चढावर मांड्यांत कळला.

तिकडच्या धुळीत सराटा आहे, आपला माळरानावरचा सराटा, तीच वनस्पती. ट्यूबलेस टायरमध्ये तो घुसला की आधी फुस्स आवाज येतो आणि मग पांढरं सीलंट चाकाबरोबर गोल फिरत पायांवर उडतं. काटा उपटायचा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवून धरायचं, म्हणजे आतलं सीलंट तिथे साचतं आणि गोठून भोक बुजतं. मी चाक धरलेलं, भाचा भोकावर अंगठा दाबून उभा, त्याच्या नखाच्या कडेने पांढरे बुडबुडे हळूहळू बारीक होत गेलेले. बाजूने जोड्या धूळ उडवत निघून जात होत्या. त्या वेळात आम्ही काहीच बोललो नाही, आणि त्या आठवड्यातला तो मला सर्वांत निवांत वेळ वाटतो. तिथे पुढचा-मागचा असं कुणी नव्हतं.

या शर्यतीच्या विजेत्यांची यादी मला फार आवडते, कारण तिच्यात एकटं नाव नाही. जर्मनीचे कार्ल प्लाट पाच वेळा जिंकले: एकदा नामिबियाच्या मॅनी हेमन्सबरोबर, तीनदा श्टेफान झाम यांच्याबरोबर आणि २०१६ साली उर्स हुबर यांच्याबरोबर. स्वित्झर्लंडचे क्रिस्टोफ साउझरही पाचदा जिंकले, साथीदार त्यांचेही तीन. २०११ आणि २०१२ साली त्यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर होता. ३ जानेवारी २०१३ रोजी सराव करताना एका टॅक्सीच्या धडकेत स्टँडर गेला. वय २५. मार्चमध्ये साउझर पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभे होते, सोबत लंडन ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता यारोस्लाव्ह कुल्हावी, आणि ते दोघे जिंकले. ज्याच्या वेगाची आपल्या पायांना सवय लागली, त्याच्या जागी दुसऱ्याचा वेग नव्याने शिकायचा, तोही दहा-बारा आठवड्यांत. त्या आठवड्यात साउझर यांना चढावर काय वाटलं असेल याचा अंदाज करायचं धाडस मी करणार नाही. पण जोडीने सायकल चालवणाऱ्याला एवढं नक्की ठाऊक असतं की साथीदाराचा श्वास आपल्या कानात बसलेला असतो. चढ सुरू झाला की तो आपोआप ऐकू यायला लागतो.

सफरचंदांच्या बागांच्या एल्गिन खोऱ्यावर ग्रूनलांडबर्ग नावाचा डोंगर आहे. त्याच्या चढावर, मोकळ्या दगडांत, भाच्याचं पोट बिघडलं. सकाळपासून त्याने पाण्याच्या ठिकाणी ठेवलेले मीठ लावलेले बटाटेसुद्धा तोंडात घातले नव्हते. तो ओकला, परत सायकलवर बसला, शंभर मीटरवर पुन्हा उतरला. आणि मी पुढे होतो. माझे पाय त्या दिवशी विलक्षण हलके होते आणि मला हळू जायचं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की कष्ट मागच्याचेच असतात. आपल्याच पायांना आवरून धरायचं, तोल जाईल इतक्या मंद वेगात दगडांतून सायकल उभी ठेवायची, मागे वळून बघावंसं वाटलं तरी वळायचं नाही कारण प्रत्येक बघणं मागच्याला टोचतं, हे सगळं तो रोज करत होता. एकदाही त्याने ते मला जाणवू दिलं नव्हतं.

"तू जा," तो म्हणाला. एरवी कुठेही मामाने नाही म्हटलं असतं, भाच्याने आग्रह धरला असता आणि त्या मानपानात दोघांपैकी एकाचं मन दुखावलं असतं. इथे नियमाने तो प्रश्नच ठेवला नव्हता. मी गेलो असतो तरी माझं घड्याळ त्याच्यापाशीच राहिलं असतं. मी त्याच्या बॅगेतून पंप, हत्यारं, पाणी काढून माझ्याकडे घेतलं. त्याने निमूट काढू दिलं. माथ्यापर्यंत आम्ही बराचसा चढ सायकली ढकलत चालत गेलो, आणि उतारावर मी पुढे राहिलो, तो माझी रेघ धरून मागे आला. कटऑफच्या आत पोचलो, पण फार मोकळा वेळ राखून नव्हे.

रात्री त्याने दोन घास भात खाल्ला आणि नऊच्या आत झोपला. सकाळी सातला सुरुवात होती. पहिल्या सपाटीवर, वाऱ्यात, मी पुढे राहिलो आणि त्याने माझं चाक धरलं. पोट सावरल्यावर चढ लागला तसा तो नेहमीच्या लयीत आला, माझ्या बाजूला, हँडल हँडलला समांतर. थोड्याच वेळात त्याचं पुढचं चाक चार बोटं पुढे सरकलं.

"हळू," मी म्हणालो.

तो एक गिअर खाली आला.